ताट उचलून उठलीस, त्याबद्दल

या वेळचं पत्र एका नर्सचं आहे. वय अठ्ठावीस, लग्न व्हायचंय, नोकरी पुण्यात आणि घर नगर जिल्ह्यातल्या एका गावात. पत्र बरंच लांब आहे, सगळं देत नाही, आणि ओळख पटेल असं जे होतं ते काढून टाकलंय. पत्रातली 'मंडळी' म्हणजे तिच्या गावचं चर्च आणि तिथले लोक, 'पंच' म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीतली माणसं. मुख्य भाग तिच्याच शब्दांत:

"मावशी, आमच्या मंडळीत हंगामाचा सण होता. मी सुट्टी टाकून घरी गेले, कॉयरमध्ये गायले, सगळ्यांनी कौतुक केलं. मग प्रीतीभोजन. माझी लहानपणीची मैत्रीण घटस्फोट घेऊन मुलासोबत आईकडे राहते. नवरा दारू पिऊन मारायचा हे अख्ख्या मंडळीला माहितीये, तरी तिच्याबद्दल 'नवरा सोडून आली' असंच बोलतात. पंगतीत तिच्या शेजारी कुणी बसेना म्हणून मी बसले. भात वाढून झाला होता. तेवढ्यात एका पंचांच्या मिसेसनी लांबून हाक मारली, 'अगं तू तिकडं कुठं बसलीस, कॉयरच्या मुली इकडंयत, ये इकडं.' आणि मी ताट उचललं आणि गेले. तिचा मुलगा म्हणाला, 'मावशी कुठं चालली?' मी वळून पण बघितलं नाही. त्याच बाईंनी माझ्यासाठी एक स्थळ आणलंय, पप्पा पंच कमिटीत आहेत, हे सगळं त्या एका सेकंदात डोक्यात आलं. तेव्हापासून मला स्वतःची किळस येतेय. ड्युटीवर मी अशी नसते. आता ठरवलंय, माणसांचं ऐकणं बास, फक्त देवाला आवडेल तेच करायचं. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला मोठा मेसेज लिहून ठेवलाय, सगळ्यांचं ढोंग उघडं करणारा, माझंपण. टाकू का? आणि कॉयर सोडू का? कारण खरं सांगायचं तर गाताना देव आठवतो पण खाली उतरल्यावर पहिलं हेच बघते की कोण काय म्हणतंय."

प्रिय बेटा, सलाम.

मेसेज टाकू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं वाचून होईपर्यंत तुझा अंगठा जरा आवरेल. का नको ते पुढे येतंच.

आधी ताटाचं बघू. जे केलंस ते वाईटच केलंस, त्यावर मी पांघरूण घालणार नाही, तुलाही ते नकोच असणार नाहीतर पत्र लिहिलंच नसतंस. पण हे काही तू शोधून काढलेलं नवीन पाप नाही. हुबेहूब हेच येशूच्या शिष्याने, पेत्राने केलं होतं आणि तेही जेवतानाच. बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढ. अंत्युखियात तो विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर मजेत जेवत होता, मग याकोबाकडची माणसं आली आणि हा हळूच मागे सरकला, वेगळा राहायला लागला, का तर सुंता न झालेल्यांबरोबर जेवू नये म्हणणाऱ्या यहूदी सुंतावाल्यांची भीती. बरं याला कळत नव्हतं असंही नाही. यापोत घराच्या छपरावर देवाने शुद्ध केलेल्याला अपवित्र म्हणू नको असं सांगणारी ती चादरीची दृष्टी यालाच झाली, विदेशी कर्नेल्याच्या घरी हाच गेला, आणि त्यांच्यात जाऊन जेवलास कसा म्हणून यरुशलेमात जाब विचारला तेव्हा हाच सगळ्यांसमोर ठामपणे बोलला. एकदा इतकं ठणकावून सांगितलेलं दुसऱ्यांदा जमलं नाही त्याला. मला तर त्या गोष्टीत पेत्रापेक्षा बर्णबाचं जास्त वाईट वाटतं. बर्णबा कोण, तर पौलाला कुणी जवळ करायला तयार नव्हतं, आधी तो विश्वासणाऱ्यांना छळायचा म्हणून सगळे त्याला घाबरायचे, तेव्हा ज्याने त्याला प्रेषितांकडे नेलं तो. एकट्या पडलेल्या माणसाच्या बाजूला जाऊन उभं राहणं हीच त्याची ओळख, आणि पेत्राच्या मागोमाग तो पण उठून गेला.

आणि भीती कुणाची होती ते बघ. तिथे काही रोमी शिपाई आले नव्हते भाले घेऊन. आपलीच माणसं आली होती, भक्तीला येणारी, चांगली, नियम पाळणारी. आपल्यात पण तेच आहे, ऑफिसात गळ्यातला क्रॉस लपवत नाही पण चर्चच्या पायऱ्यांवर चार बायका उभ्या असल्या की ओढणी सारखी करतो. त्यात नगरकडच्या मंडळ्या म्हणजे अर्धे लोक एकमेकांचे सोयरे, पाळकसाहेबांच्या मिसेस कुणाच्या तरी आत्या, कमिटीतला कुणाचा तरी मामा. बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाची तारीख, शेवटी दफनभूमीतली जागा, सगळं त्याच आठ-दहा माणसांच्या हातून जातं. त्यामुळे "लोक काय म्हणतील याचा विचार करू नका" असं ज्यांचं शहरात कुणाशी काही अडत नाही ते लोक सहज म्हणतात ना, ते ऐकलं की मला जरा राग येतो. तुझी किंमत खरी आहे. स्थळ खरं आहे, पप्पांची खुर्ची खरी आहे. तू उगाच घाबरली नाहीस. ज्याला घाबरलीस ते एका लहान मुलाच्या प्रश्नापेक्षा मोठं नव्हतं, एवढंच माझं म्हणणं.

एक गंमत सांगते. हंगामाचा सण तुमच्याकडे कसा असतो मला अंदाज आहे, आधी वेदीपुढे भोपळे, ज्वारीची कणसं, अंडी, कोंबड्या, कुणीतरी मोठ्या कष्टाने केलेला केक, आणि मग उपासना संपली की लिलाव. चाळीस रुपयांचा भोपळा दोन हजाराला जातो आणि माईकवरून घेणाऱ्याचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. पैसे मंडळीलाच जातात, चांगलंय, आणि मजा पण येते, मी लिलावाच्या विरोधात नाही. पण मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो की दान करताना आपल्यापुढे कर्णा वाजवू नका, आणि आपण तो अध्याय वाचून आमेन म्हणून बाहेर येतो आणि कर्ण्याला माईक लावतो. सांगायचा मुद्दा हा की पंगतीत जे तुझ्या डोक्यात आलं ते तू कुठूनतरी शिकलीस ना. लहानपणी पाठांतराच्या बक्षिसापासून नाताळच्या नाटकात मरिया कोण होणार इथपर्यंत सगळीकडे आपण मुलांना हेच शिकवतो की मंडळीला आवडलास म्हणजे देवाला आवडलास. मग पोरगी अठ्ठावीसची झाल्यावर एका हाकेसरशी ताट उचलते तेव्हा आपल्याला आश्चर्य कशाचं वाटतं?

त्याच अध्यायात एक वाक्य आहे जे आपण घाईत वाचतो. माणसांनी बघावं म्हणून करणाऱ्यांबद्दल येशू काय म्हणतो, तर त्यांना त्यांचं फळ मिळून चुकलंय. म्हणजे हिशोब पूर्ण. त्यांनी कौतुक मागितलं, कौतुक मिळालं, आता देणं-घेणं काही राहिलं नाही. यात शिक्षा वगैरे काही नाही, पण मला ते शिक्षेपेक्षा भयंकर वाटतं.

आता तुझं ते "ड्युटीवर मी अशी नसते." हे वाक्य तू असंच मध्ये टाकलंस आणि पुढे गेलीस, पण सगळ्या पत्रात मला तेच महत्त्वाचं वाटलं. रात्री तीनला म्हाताऱ्या पेशंटचा डायपर बदलताना तिथे कोण असतं बघायला? नातेवाईक खुर्चीत झोपलेले, पेशंट शुद्धीवर नाही, सिस्टर दुसऱ्या टोकाला. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती राहिली तरी हाताने ताणून घ्यायची, आणि सकाळी त्याच्या मुलाने थँक्यू म्हटलं तर ते डॉक्टरला. तू हे करतेस, रोज करतेस, आणि त्यात तुला ढोंगी वाटत नाही. म्हणजे माणसांच्या नजरेशिवाय जगणं तुला येतं. फक्त मंडळीत येत नाही. तेव्हा "मी पूर्ण खोटी आहे" हे जे काही तू स्वतःला ऐकवतेयस ते थांबव, ते खरं नाहीये.

आणि "देवाला आवडेल तेच करायचं" हे तू ज्या सुरात लिहिलंयस ना, दात आवळून, तो सूर मला खटकला. जणू आत्तापर्यंत पंचांच्या मिसेसची परीक्षा देत होतीस आणि आता त्यांच्या जागी देव बसवणार, परीक्षा तीच, भीती तीच, परीक्षक जरा जास्त कडक. तसं नाहीये बेटा. यार्देन नदीत येशू पाण्यातून वर आला तेव्हा आकाशातून वाणी झाली, हा माझा प्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. मत्तयाचा तिसरा अध्याय. त्याच्याआधी येशूने काय केलं होतं? एक चमत्कार नाही, एक उपदेश नाही, चाळीस दिवसांचा उपास नाही, सगळं त्याच्यानंतर. बाप कामाच्या आधीच संतुष्ट होता. आणि पुढच्याच अध्यायात सैतान येऊन काय म्हणतो, तू देवाचा पुत्र असशील तर दाखव करून. मंदिराच्या टोकावरून उडी मार, तेही लोकांच्या गर्दीच्या ठिकाणी. येशूला दाखवायची गरज वाटली नाही कारण त्याला उत्तर आधीच मिळालं होतं. तू बाप्तिस्मा घेतलायस, त्याच्या नावात घेतलायस, तर ते "संतुष्ट आहे" तुलापण लागू आहे, त्या रविवारी पंगतीतून उठल्यावरसुद्धा. हे ज्याला खरंच पटलं त्याला पंचांच्या मिसेसनी नाक मुरडलेलं परवडतं. दुखतं, पण परवडतं.

म्हणून कॉयर सोडू नकोस. खाली उतरल्यावर कोण काय म्हणतंय हे बघायचा मोह होतो म्हणून गाणंच बंद करायचं तर मग प्रार्थना पण बंद करावी लागेल, कारण माईकवर प्रार्थना करणाऱ्याला पण तो मोह होतो, आणि पाळकांना तर विचारूच नकोस, दर रविवारी दाराशी उभं राहून हात मिळवताना "आजचा संदेश फार आवडला" कोण म्हणतंय आणि कोण नुसतंच हसून पुढे जातंय हे कळतं त्यांना सगळं. कौतुक ऐकून बरं वाटणं पाप नाही. कुणी म्हणालं छान गायलीस तर सरळ थँक्यू म्हण. "छे छे सगळी प्रभूची कृपा" असं मान खाली घालून म्हणायची गरज नाही, त्यात तर कौतुकाचा दुसरा हप्ता मागितल्यासारखं होतं, गाते पण छान आणि नम्र पण किती. लागलंच तर एक-दोन रविवार असं कर की उपासना संपल्या संपल्या लहान मुलांच्या खोलीत जा, सतरंज्या गोळा कर, तिथे कुणी सूर कसा लागला ते बोलत नाही.

आता अवघड भाग. देवाला आवडेल ते आणि मला आवडेल ते यातला फरक कसा ओळखायचा. कारण "मी माणसांना जुमानत नाही, मी फक्त देवाला उत्तर देणार" असं म्हणणारी आपल्यातली निम्मी माणसं भांडखोर असतात हे तूपण पाहिलं असशील. मंडळी फोडायची असली की हेच वाक्य, सुनेला छळायचं असलं की हेच वाक्य, हिशोब दाखवायचा नसला की तर हमखास. एकच पौल गलतीकरांना लिहितो की मी अजून माणसांना खूष करत बसलो असतो तर ख्रिस्ताचा दास नसतो, आणि तोच करिंथकरांना पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात लिहितो की मी सगळ्यांना सगळ्या बाबतीत संतोषवतो. मग खरं काय? पुढची ओळ वाचली की कळतं, स्वतःचं हित न बघता पुष्कळांचं हित, त्यांचं तारण व्हावं म्हणून. तो दुसऱ्याच्या भल्यासाठी वाकतो. स्वतःची पत राखायला वाकत नाही. तू पंगतीतून उठलीस त्यात कुणाचं भलं झालं? त्या बाईंचं पण नाही झालं.

याचं आपल्या मराठी मंडळीतलं सगळ्यात चांगलं उदाहरण मला पंडिता रमाबाईंचं वाटतं, आणि आपण त्यांचा फोटो लावतो, नाव घेतो, पण हा भाग सांगत नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुण्यातली माणसं चिडली हे सगळ्यांना माहितीये. पण तिथल्या ज्या सिस्टर लोकांकडे, म्हणजे नन लोकांकडे, त्या राहत होत्या त्यांच्याशीपण त्यांचं जमेना, कारण मंडळीचा अधिकार म्हणून सांगितलेलं सगळं त्या निमूट मान्य करेनात. नुकतंच मोठ्या कष्टाने पुरोहितांचं जोखड उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी पत्रात लिहिलं. शाकाहार पण सोडला नाही. म्हणजे हिंदू म्हणतायत बाटली आणि ख्रिस्ती म्हणतायत पुरती झाली नाही. दोन्हीकडून बोलणी.

मग इकडे येऊन १८८९ मध्ये मुंबईत मुलींना शिकवायला शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी पुण्याला आणलं. तिथे ब्राह्मण विधवा मुली यायच्या, तर त्यांच्या सोवळ्याओवळ्याला धक्का लागू नये अशी स्वयंपाकाची वेगळी व्यवस्था ठेवली. स्वतः ख्रिस्ती, जात मानत नाही, तरी ठेवली. याला म्हणतात वाकणं, मुलींनी शिकावं म्हणून. पण रमाबाई स्वतः प्रार्थनेला बसल्या की खोलीचं दार लावायच्या नाहीत, आणि कुणी मुलगी आपणहून येऊन बसली तर तिला उठवायच्या नाहीत. मुलींना बाटवतात म्हणून त्यावरून गदारोळ झाला, केसरीतून टीका झाली, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळातली मोठी माणसं बाहेर पडली, कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. ही काही चिल्लर माणसं नव्हती, रमाबाईंच्या कामाला पत होती ती त्यांच्यामुळे. एक दार लावून घेतलं असतं तर सगळं टिकलं असतं. नाही लावलं. पुढे दुष्काळ पडला, शेकडो बायका-मुली केडगावला आल्या, मुक्ती मिशन उभं राहिलं, पण मुद्दा तो नाही, कारण ते उभं राहिलं नसतं तरी दार उघडं ठेवणं बरोबरच होतं. मला यातली निवड बघायला आवडते. चूल वेगळी ठेवण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, तिथे त्या ताठ राहिल्या नाहीत. ज्या मुलीला आत यायचंय तिला बाहेर काढायचं नाही, तिथे मात्र मोडेन पण वाकणार नाही.

तुझ्याबाबतीत पण असंच वेगळं काढता येईल. चर्चला जाताना साडी नेसावी की ड्रेस, जुनी गीतं की नवीन, टाळ्या वाजवाव्या की नाही, आईला वाईट वाटतं म्हणून डोक्यावर पदर घ्यायचा का, या सगळ्यात बिनधास्त त्यांचं ऐक, काही बिघडत नाही, उलट त्यात प्रेम आहे. पण एखाद्या माणसाला पंगतीतून वगळायचं असेल तर तिथे ऐकायचं नाही. घटस्फोटाबद्दल मंडळीत दहा मतं असतील, असू देत, पाळकसाहेबांशी त्यावर वाद घालायची तुला गरज नाही, शेजारी बसून भात खायला कुठला ठराव पास व्हावा लागत नाही. येशूने तर, यहूदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या शमरोनी लोकांतल्या, पाच नवरे झालेल्या बाईकडे स्वतःहून पाणी मागितलं. आणि जाता जाता हेही माहीत असू दे, १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नुसत्या मारहाणीवरून ख्रिस्ती बाईला घटस्फोट मिळतच नव्हता, नवऱ्याचा व्यभिचार पण सिद्ध करावा लागायचा, ते २००१ मध्ये बदललं. तोपर्यंत आपल्या कितीतरी आज्या-आत्यांनी मार खाल्ला आणि मंडळीने "सोसलं बिचारीने" म्हणून त्यांची साक्ष दिली. "नवरा सोडून आली" म्हणणाऱ्या बायकांपैकी किती जणी स्वतः सोसून बसल्यात ते तुला माहीत नाही. कधीकधी दुसरीचं सुटणं बघवत नाही ते त्यामुळे.

आता मेसेज. तू म्हणतेस त्यात तुझं ढोंग पण उघडं केलंयस. मान्य. पण शौल राजाची गोष्ट आठव, शमुवेलाचं पहिलं पुस्तक, पंधरावा अध्याय. सगळं नष्ट कर अशी देवाची आज्ञा असताना त्याने शत्रूच्या राजाला, अगागाला, आणि चांगली चांगली मेंढरं राखून ठेवली, शमुवेल संदेष्ट्याने पकडलं तेव्हा कबूल करतो की मी लोकांना भ्यालो, त्यांचं ऐकलं, मी पाप केलं. आणि थोड्या वेळाने तोच म्हणतो, पाप केलंय खरं पण माझ्या लोकांच्या वडीलधाऱ्यांसमोर आता माझा मान राख. कबुली आणि मान एकाच श्वासात. तुझा मेसेज वाचला नाहीये मी, तरी सांगते काय होईल. अर्धे लोक चिडतील, आणि उरलेल्यांपैकी तरुण संघातली मुलं हात जोडलेले इमोजी टाकतील, "ताई किती धैर्य", "सत्य बोललीस". आणि तू दर पाच मिनिटांनी फोन उघडून बघशील किती आले. म्हणजे परत तेच, फक्त पब्लिक बदललं. आणि त्या सगळ्यात तुझ्या मैत्रिणीचं काय? तिचा संसार, तिचा मार, तिचं पोर, सगळं दीडशे लोकांच्या ग्रुपवर चघळायला, तिला न विचारता. तुझ्या मनाचं ओझं उतरवायला तिला वापरू नकोस.

तू म्हणशील, अंत्युखियात पेत्र मागे सरकला तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांसमोरच झापलं होतं. हो, पण तोंडावर. तिथे उभा असलेल्या माणसाला, डोळ्यात बघून. नंतर पत्रात पण लिहिलं आणि आजपर्यंत आपण ते वाचतोय हे मला माहितीये, पण आधी समोर जाऊन बोलला.

तेव्हा काय कर. पुढच्या सुट्टीत गेलीस की आधी तिच्या घरी जा. फोनवर नको. माफी माग, छोटी, "मी उठून गेले ते चुकलं" एवढीच. स्थळाचं, पप्पांचं, हाक मारली त्याचं काही सांगू नको, कारण ते सांगितलंस की तिला तुझीच समजूत काढत बसावं लागेल, आणि तिच्याकडे तेवढा वेळ नाहीये. ती चिडली तर चिडू दे. काही न बोलता चहा टाकायला उठली तर चहा पी. आणि मुलाशी बोल, मुलं विसरत नाहीत, त्याने तुला प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर अजून द्यायचंय तुला. मग तिला विचार, रविवारी माझ्यासोबत बसशील का. ती नको म्हणाली तर आग्रह करू नकोस, कदाचित तिला चर्चच्या मागच्या बाकावर एकटीनेच बरं वाटत असेल, प्रत्येक एकट्या बाईला वाचवायला कुणी हवंच असतं असं नाही. हो म्हणाली तर बस. कॉयरचं झालं की खाली उतर आणि तिच्या बाकावर जा. तोंडावर कसला निश्चय वगैरे आणू नको, गाण्याचं पुस्तक दोघींत धर आणि गा.

हाक परत येईल. येणारच. तेव्हा तिथूनच म्हण, "काकू, मी इथं बसलेय, नंतर येते तुमच्याकडे." आणि नंतर खरंच जा. त्यांच्या घरी जा, ताटाबद्दल बोल, आवाज न चढवता. त्या बाईंना राक्षसीण करून टाकू नकोस. त्यांना पण कुणाची तरी भीती असणार, पंचांच्या बायकोवर तर सगळ्या मंडळीचा डोळा असतो. कदाचित त्यांनी खरंच काही विचार न करता हाक मारली असेल आणि बाकीचं सगळं तुझ्या डोक्यातलं असेल, तीपण शक्यता धर.

त्याआधी पप्पांना सांग. परवानगी मागायला नको, पण त्यांना बाहेरून कळू नये. ते कदाचित म्हणतील उगाच कशाला, शांत रहा. योहानाच्या नवव्या अध्यायात त्या जन्मांध मुलाचे आईबाप आठवतायत? येशूमुळे मुलाला दिसायला लागलं, घरात केवढा आनंद असणार, पण यहूदी पुढाऱ्यांनी बोलावून विचारलं तेव्हा ते म्हणाले तो वयात आलाय, त्यालाच विचारा. सभास्थानातून काढतील म्हणून भ्याले. ते वाईट आईबाप नव्हते. तुझे पप्पा तसं वागले तर त्यांच्यावर रागावू नकोस, आणि त्यांच्या भीतीने थांबूपण नकोस. किंवा काय सांगावं, कमिटीत बसलेली सगळीच माणसं गप्प नसतात. अरिमथाईकर योसेफ पण यहूद्यांच्या धर्मसभेचा सभासदच होता, यहूद्यांच्या भीतीने लपून शिष्य राहिला, आणि ऐन वेळी, येशूला क्रुसावर मारलं आणि पेत्रासकट सगळे पळाले होते तेव्हा, रोमी सुभेदार पिलाताकडे जाऊन येशूचं शरीर मागून आणलं. उशिरा का होईना.

स्थळाचं मी तुला गोड करून सांगणार नाही. जाऊ शकतं. मुलगा चांगला असेल, नोकरी चांगली असेल, आणि या एवढ्याशा गोष्टीवरून बोलणी थांबली तर रडू येईल, आणि देवाने लगेच त्याच्याहून चांगलं दिलं अशी साक्ष तुला देता येईलच असं काही नाही. पण मला विचारशील तर त्या मुलाला भेटशील तेव्हा ही गोष्ट त्याला स्वतःच सांग. तो काय म्हणतो ते ऐक. तू एका घटस्फोटित मैत्रिणीशेजारी बसतेस याचं त्याला किंवा त्याच्या आईला काही वाटत असेल, तर ते लग्नाच्या आधी कळलेलं बरं, कारण आयुष्यभर त्यांच्याच पंगतीत बसायचंय तुला.

तो मेसेज आता डिलीट कर, ड्राफ्टमध्येपण ठेवू नको. आणि जाऊन आलीस की लिही मला, पप्पा काय म्हणाले ते विशेषतः.

तुझी,
मावशी